धूर आधी, दोर नंतर

२ फेब्रुवारी, सकाळी साडेसात

निर्णय झाला. लाँच मीच चालवणार.

तपासणीच्या ऑफिसातून पत्र आलंय. २४ तारखेला साहेब येणार. त्यांच्यासमोर लाँच पलीकडच्या काठाला नेऊन परत आणायची, आणि धूर दिसता कामा नये. नाही जमलं तर पलीकडची फेरी कायमची त्या दुसऱ्या लाँचवाल्याला, टोपीवाल्याला. ह्यांना जाऊन नऊ महिने झाले. तेव्हापासून तोच ती फेरी करतोय. तात्पुरती. बावीस वर्षं ती ह्यांची होती.

बावीस दिवस हातात आहेत. भरपूर झाले. चालवण्याचा परवाना मलाही आहे, ह्यांनी हट्टाने काढायला लावला होता. हे डबा खायला बसले की सुकाणू माझ्याकडे असायचं. तेव्हा तो प्रश्नच नाही.

दुपारी

बॅटरी चार्ज करून आणली. तिसऱ्या प्रयत्नात इंजिन चालू. न्यूट्रलमध्ये धूर शून्य. धक्क्यावरच गिअर टाकून जोर दिला, तर मागे काळाकुट्ट ढग. किरकोळ दोष आहे. माणसाला सर्दी होते तसा.

वाचनालयातून डिझेल इंजिनाचं पुस्तक आणलंय. शाळा सातवीला सुटली, पण वाचायची मी थांबले नाही. मिस्त्रीची गरज पडणार नाही.

३ फेब्रुवारी

प्रकरण नववं, धूर. पेन्सिल घेऊन वाचलं. लिहिणारा समजूतदार वाटतो. काळा धूर म्हणजे एकतर इंजिनाला हवा कमी पडते, नाहीतर इंजिनावर भार जास्त आहे. निळा म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा म्हणजे बहुतेक पाणी.

‘भार’ खोडून टाकला. लाँचमध्ये मी एकटी. वजन अठ्ठावन्न किलो. चपलासुद्धा धक्क्यावर काढल्या होत्या.

म्हणजे हवा.

टोपीवाला बघत उभा होता. त्याची लाँच आमच्याच तरंगत्या धक्क्याला, दुसऱ्या बाजूला बांधलेली असते. डोक्यावरची टोपी तो जेवतानाही काढत नाही. म्हणाला, वहिनी, दोर सोडून बघा की एकदा. चांगलाच डाव आहे. धूर ओकणारी लाँच घेऊन मी नदीच्या मध्यात जायचं, दोन्ही काठांवरून लोकांनी बघायचं, की फेरी ह्याच्या खिशात. मी त्याला स्पष्ट सांगितलं, धूर आधी, दोर नंतर. तो म्हणाला, बरं.

नियम चांगला आहे. वहीच्या पहिल्या पानावर लिहिला.

५ फेब्रुवारी

एअर फिल्टर काढला. आत नऊ महिन्यांची धूळ आणि एक मेलेला कोळी. रोग सापडला. घरी आणून गरम पाण्यात कपड्यांचा सोडा घालून भिजवला आणि ब्रशने घासला.

नणंदेने बादलीत डोकावून विचारलं, हे काय आहे. मी म्हटलं, फिल्टर. ती म्हणाली, कागदाचा दिसतोय. मी म्हटलं, वन्सं, इंजिनातला कागद आपल्या वहीच्या कागदासारखा नसतो. ती म्हणाली, मग त्याचा लगदा का होतोय.

नणंद सध्या माझ्याकडेच राहते. आठ दिवसांसाठी आली होती, आता नऊ महिने झाले. मला सोबतीची गरज नाही, पण तिचं मन मोडवत नाही.

८ फेब्रुवारी

फिल्टर दोरीवर दोन दिवस वाळवला. जरा फुगलाय. दाबून बसवला. आज धूर आधीपेक्षा जास्त.

पण एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. गिअर टाकून जोर दिला की सगळा धक्का हलतो. फळ्या करकरतात, मागे पाण्याला फेस येतो, आणि टोपीवाल्याची लाँचही डोलते. आज त्याचा चहा सांडला. म्हणजे इंजिनात ताकद भरपूर आहे. त्याला फक्त व्यक्त होता येत नाहीये.

टोपीवाला सांडलेला चहा पुसत परत तेच म्हणाला, वहिनी, दोर. ह्या माणसाला दुसरं बोलणं येत नाही.

११ फेब्रुवारी

हवा झाली. आता ऑइल. पट्टी बाहेर काढून पाहिली तर पातळी खालच्या खुणेच्या जरा वर. हे रोज सकाळी पट्टी बघायचे आणि मग कपाळाला आठी घालायचे. ऑइल कमी असो की पुरेसं, आठी तीच. त्यामुळे बघून काही कळायचं नाही.

मी भरपूर ओतलं. वरच्या खुणेच्याही दोन बोटं वर. असू दे जास्त.

निकाल उत्तम. धूर निळा झाला. रंग बदलला म्हणजे औषध लागू पडतंय. मध्ये मध्ये काळाही येतो, पण आता त्याला एकट्याला मैदान राहिलेलं नाही.

१२ फेब्रुवारी

गेले नाही. वारा होता.

नणंद म्हणाली, कुठाय वारा, बाहेरचं पानही हलत नाही. मी म्हटलं, पाण्यावरचा वारा वेगळा असतो. ती म्हणाली, तू पाण्यावर असतेस कुठे, धक्क्यावर असतेस.

हिला आजकाल उलट बोलायची सवय लागली आहे.

१४ फेब्रुवारी, सकाळी

सायलेन्सर. कसा सुचला नाही आधी. धूर तिथूनच तर बाहेर येतो. चार बोल्ट सोडून काढला, एक बोल्ट पाण्यात गेला. साबणाच्या पाण्याने आतून बाहेरून धुतला, तीन बोल्टवर बसवला.

दुपारी

पांढरा धूर. त्यात साबणाचे फुगे. धक्क्यावर पाच-सहा माणसं जमली. कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

धुराचा रंग नीट पाहायचा तर मागे पांढरं कापड धरावं, असं पुस्तकात आहे. घाईत दोरीवरचा नणंदेचा परकर मिळाला. आता त्यावर तिन्ही रंग आले आहेत. वहीला जोडून ठेवण्यासारखा नमुना आहे, पण ती परत मागते आहे.

१५ फेब्रुवारी

तिन्ही रंग हातात आले. निदान करणाऱ्याला याहून जास्त माहिती लागत नाही. नऊ दिवस उरले. बऱ्यापैकी आघाडीवर आहे.

परकर तीनदा धुतला. निळा गेला.

१८ फेब्रुवारी

विश्वासघात. नणंदेने मला न विचारता मिस्त्रीला फोन केला. मी धक्क्यावर पोचले तर हा फळीवर बसून बिडी ओढतोय. ह्यांच्या इंजिनाचं काम पहिल्यापासून हाच करायचा. मी आधीच बजावलं की मला फक्त दुसरं मत हवंय, पहिलं माझं आहे.

त्याने ऑइलची पट्टी काढली, बघितली, माझ्याकडे बघितलं, परत पट्टी बघितली. म्हणाला, ताई, इंजिनाला अंघोळ घातलीत का. मग फिल्टर काढला. तो बराच वेळ हातात धरून बसला. म्हणाला, ह्याला इस्त्री पण केली असतीत.

जास्तीचं ऑइल काढलं, नवा फिल्टर बसवला, चौथा बोल्ट लावला. निळा गेला, पांढरा तर चार दिवसांत आपोआपच गेला होता. गिअर टाकला. काळा आलाच. मी म्हटलं, बघा, माझं निदान हेच होतं, दोष खोल आहे.

त्याने विचारलं, लाँच शेवटची कधी सोडली होती. मी सांगितलं, सोडायची कशाला, रोज इथेच टेस्ट घेते. तो म्हणाला, इथेच म्हणजे, बांधून. मी म्हटलं, हो, सुरक्षित म्हणून. तो म्हणाला, बांधून गिअर टाकता आणि जोर देता. मी म्हटलं, हो.

मिस्त्री खाली बसला. म्हणाला, ताई, बैल खुंट्याला बांधायचा, वरून चाबूक मारायचा, आणि तोंडाला फेस का आला म्हणून पुस्तक उघडायचं. अहो, सगळा धक्का ओढायला लावलात त्याला. टोपीवाल्याच्या लाँचसकट. दोर सोडा, शंभर हात जा, काळा राहिला तर माझं नाव बदला. तळाला शेवाळ धरलंय तेवढं खरवडून घ्या. बाकी काही नाही.

मी म्हटलं, हे पुस्तकात नाही. त्याने पुस्तक घेतलं, नववं प्रकरण काढलं आणि एक ओळ दाखवली. पेन्सिलीने खोडलेली होती, तरी वाचता येत होती.

पुस्तकात छपाई अजून ठळक हवी होती.

१९ फेब्रुवारी

ठीक आहे. उद्या दोर सोडायचा. सकाळी सात वाजता. पक्कं.

२० फेब्रुवारी

आधी शेवाळ. लांब दांड्याच्या खरवडणीने धक्क्यावरूनच खरवडलं. दिवस त्यात गेला.

२१ फेब्रुवारी

दोर फार कडक झालाय. उन्हापावसाने गाठ आवळली आहे. जबरदस्ती केली तर दोर खराब होईल. आधी दोराची माहिती वाचायला हवी. वाचनालयात दोरावर वेगळं पुस्तक नाही.

नणंद म्हणाली, गाठ दादाची आहे, हो ना. मग सांग ना तसं, इंजिनाला कशाला बदनाम करतेस.

मी म्हटलं, त्याचा काही संबंध नाही. भाजी निवडायला घेतली. तीही समोर बसली निवडायला. भाजी नेहमीपेक्षा फारच स्वच्छ निवडली गेली.

२२ फेब्रुवारी

धक्क्यावर बसून आले. इंजिन चालू केलं नाही.

त्या संध्याकाळी हे शेवटची फेरी करून आले, लाँच बांधली, घरी येऊन म्हणाले, खांदा दुखतोय. चहा घेतला. काय वाचतेस म्हणून विचारलं. मी पुस्तक वर धरून नाव दाखवलं, मान वर केली नाही, कारण प्रकरण रंगात होतं. सकाळी दवाखाना. मग अकरा दिवस. पाण्याने ह्यांचं काही वाकडं केलं नाही, तेव्हा मला पाण्याची भीती वाटायचं कारण नाही.

गाठ नीट पाहिली. साधी आहे. रोज घालायचे तशीच. परत सोडायची म्हणूनच घातलेली.

२३ फेब्रुवारी

उद्याची तयारी पूर्ण. साहेबांना तोंडी समजावून सांगण्यासाठी धुरावर अकरा मुद्दे काढले आहेत. दोर त्यांच्यासमोर शांतपणे, मी स्वतः सोडणार. त्यासाठी वेळ मागून घेणार. कुणी घाई करायची नाही.

२४ फेब्रुवारी, दुपारी चार

साहेब दहाला आले. बरोबर त्यांचा शिपाई. मी इंजिन चालू केलं, साहेब आत येऊन बसले. मी मुद्दा क्रमांक एक सुरू केला. साहेब म्हणाले, बाई, निघू या. शिपाई वाकला आणि त्याने गाठ सोडली.

दोन सेकंद लागले असतील. दोर आत टाकला आणि हात पँटला पुसले.

मी काही म्हणायच्या आत धक्का तीन हात मागे गेला होता. आता गिअर टाकण्यावाचून इलाज नव्हता. टाकला. थोडा काळा आला, मग करडा, मग काहीच नाही. मागे वळून बघितलं तर नुसतं पाणी, आणि धक्क्यावर नणंद. तिने हात केला. साडीखाली डोकावणारा परकर तोच होता.

लाँच चांगली चालली. हे मान्य करायला हवं की इंजिनाला काही झालं नव्हतं. सुकाणू हाताला ओळखीचं होतं. नदीच्या मध्यात मी सवयीने मागे बघून विचारणार होते, डबा संपला का. विचारलं नाही. साहेब म्हणाले, काय म्हणालात. मी म्हटलं, मुद्दा क्रमांक दोन.

पलीकडे व्यवस्थित लावली. बांधली मीच. इथवर सगळं चोख.

मग साहेब म्हणाले, चला, आता परत. मी म्हटलं, दोन मिनिटं. फळीवर बसले. अर्धा तास झाला. उठवेना. शिपाई गाठ सोडायला पुढे आला, तर मी त्याला म्हटलं, हात लावू नकोस, ही माझी आहे. आवाज जरा मोठा झाला असावा. साहेबांनी घड्याळ बघितलं आणि पाणी मागवून मला दिलं. बाराच्या फेरीला टोपीवाला आला. साहेब त्याच्या लाँचने परत गेले.

मीही. मागच्या बाकावर बसून.

टोपीवाल्याच्या इंजिनाला किंचित निळा आहे. मी त्याला तसं सांगितलं. तो म्हणाला, वहिनी, तुमचं ते पुस्तक वाचायला द्या. चेष्टेने म्हणाला असं वाटलं नाही.

२५ फेब्रुवारी

साहेबांचा शेरा आला. इंजिन निर्दोष. परतीची फेरी बाकी. मुदत १० मार्चपर्यंत.

म्हणजे अर्धं काम झालंच. अर्धंच राहिलंय, आणि तेही सोपं, कारण येताना आपलाच काठ समोर दिसतो. लाँच पलीकडे उभी आहे. स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसते. इथून पाहता तिच्यात काहीही दोष नाही.

उद्या जाऊन आणायची. पक्कं. तिथवर जायचं तर टोपीवाल्याच्याच लाँचने जावं लागेल, म्हणून संध्याकाळी त्याच्याकडे तिकीट घ्यायला गेले. नणंदही यायचं म्हणते. तिला पोहता येत नाही, पण ती म्हणाली, मी काय पोहायला येत नाहीये, तुझ्यासोबत बसायला येतेय. मी म्हटलं, ये.

टोपीवाल्याने विचारलं, वहिनी, नुसतं जायचं देऊ की जाऊन-येऊन. मी म्हटलं, नुसतं जायचं, येताना आमची लाँच आहे. त्याने दोन तिकिटं फाडली.

धक्क्याच्या टोकापर्यंत गेले. मग मागे आले आणि म्हटलं, असं कर, जाऊन-येऊनच दे.