लच्छूने हाक मारली होती

चांदा,
१२ जानेवारी १९५८

प्रिय देवाजी,

कमळा बरी आहे. बाळ वीस दिवसांचं झालं, अंगानं भरलंय, नाक तुझ्यावर गेलंय. ही खबर आधी लिहितो, कारण पुढचं वाचता वाचता तू हे पत्र फाडशील आणि मग ती तुला मिळायची नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी वर्कशॉपातला सिग्नल जनरेटर बंद पडला. हे पत्र तुझ्याखेरीज आणखी एक माणूस वाचणार आहे. त्याला यातलं काही कळत नाही, म्हणून तुला पाठ असलेलंही फोडून लिहितो. वायरलेसचा सेट दुरुस्त झाला की तो डायलवरच्या ठरलेल्या जागीच बोलतो आणि ऐकतो की नाही, हे या पेटीवर ताडून पाहायचं असतं. पेटी म्हणेल ती जागा खरी. पेटीच खोटं बोलायला लागली तर तिच्यावर लावलेला सेट खोट्या जागी बसतो, आणि तो चालवणाऱ्या माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही.

खटका दाबला की पेटी गुरगुरायची, करपल्याचा वास यायचा आणि फ्यूज जायचा. तीन फ्यूज गेल्यावर मी साठचा बल्ब लाइनच्या मध्ये जोडला. ही युक्ती तू मला जबलपूरला शिकवलीस, लढाईच्या दिवसांत, आपण दोघे फौजेच्या वर्कशॉपात नवे होतो तेव्हा. बल्ब लख्ख पेटला, म्हणजे आत सरळ शॉर्ट. रेक्टिफायरचा व्हॉल्व्ह उपटला तर बल्ब मंद झाला. ट्रान्सफॉर्मर शाबूत होता, दोष त्याच्या पुढे. व्हॉल्व्ह परत बसवला आणि पहिल्या कंडेन्सरचं एक टोक सोडवलं. बल्ब मंदच राहिला. चोर सापडला. कंडेन्सर बुडाशी फुगलेला होता आणि पांढरी भुकटी बाहेर आलेली होती. त्याचा भार ओढून ओढून व्हॉल्व्हही म्हातारा झाला होता. दोन्ही बदलायचे ठरवून मी नागपूरला मागणी पाठवली. तुझ्याच सहीनं माल आला. सही करताना तुला काही आठवलं नाही का, देवाजी?

कंडेन्सर एका दिवसात मरत नाही. तो महिनोन्महिने गळतो, आणि तेवढं व्होल्टेज खाली येतं. ते मी श्रावणातच मोजलं होतं. अडीचशे पाहिजे तिथे एकशे सत्तर. व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या नळीचा जांभळा उजेड विझला होता. माझ्या वहीत तारखेसह लिहिलेलं आहे. त्याच आठवड्यात तू वरचा साहेब म्हणून नागपूरहून तपासणीला आलास. सिरोंच्याचा सेट टेबलावर उघडा होता, कोणी मोठे साहेब दौऱ्यावर जाणार होते, आणि त्यांच्या आधी सेट तिथे दिसायला हवा होता. मी म्हणालो, "देवाजी, या पेटीवर माझा भरोसा नाई राह्यला. पॉवर सप्लाय खोलू दे मले, मंग सेट लावतो." तू घड्याळ पाहिलंस. म्हणालास, "चालते ना? मंग चालू दे. जीप दुपारी निघून राह्यली." मी म्हटलं, निदान जीपमध्ये घालण्याआधी इथल्या कंट्रोल रूमशी सेटवरून एकदा बोलून तर पाहू. त्यावर तू सेटचं तपासणी कार्ड माझ्यापुढे सरकवलंस आणि म्हणालास, "बोलून पाह्यलं असं लिव. तिथी पोचल्यावर बोलतेच ना थो."

आणि मी लिहिलं. ‘संपर्क चाचणी घेतली, ठीक.’ खाली मनसाराम, झोकदार अक्षरात. माझ्या रागाचा अर्धा वाटा माझ्यासाठी ठेवलाय, हे तुला कळावं म्हणून सांगतो. उरलेला अर्धा तुझा आहे आणि तो कमी करण्याचा माझा विचार नाही.

पुढचं तुला माहीत आहे. पण तू ते फाइलीत वाचलंस, म्हणून मी सांगतो. सेट संध्याकाळी पोचला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथला ऑपरेटर लच्छू याने तो बॅटरीला जोडला तेव्हा प्राणहिता आणि गोदावरी दोन्ही चढत होत्या. तारेचे खांब आदल्या दिवशीच पडले होते. काठावरच्या मासे धरणाऱ्या ढिवरांच्या वस्तीला पाण्यानं तीन बाजूंनी घेरलं होतं, आणि वरच्या घाटावरची मोटरबोट मागवायला त्या सेटशिवाय दुसरा मार्ग नव्हता. लच्छू सकाळी सातला बसला. दिवस मावळेपर्यंत तो चांद्याला हाक मारत होता. कंट्रोलवर बाबुलाल कान लावून बसला होता, ठरलेल्या जागी. त्यानं नोंदवहीत प्रामाणिकपणे लिहिलं, ‘सिरोंचा: हाक नाही.’ बोट दोन दिवस उशिरा गेली. सहा माणसं पाण्यात गेली. त्यातली एक लच्छूच्या बायकोची, राजक्काची माय.

मग चौकशीसाठी तुझा अभिप्राय मागितला. तू सिरोंच्याला गेला नाहीस. नागपूरच्या खुर्चीत बसून लिहिलंस, ‘वर्कशॉपच्या कार्डाप्रमाणे सेट ठीक होता. सदर ऑपरेटर मद्यपानाच्या सवयीचा असल्याचे समजते. तो त्या वेळी जागेवर नसावा.’ समजते. कोणाकडून समजलं तुला? लच्छू ताडी पितो. सिरोंच्यात कोण पीत नाही, आणि जबलपूरला आपण काय ताक पीत होतो? पण त्या दिवशी तो पाण्याचा तांब्या घेऊन बारा तास बसला होता. तुझ्या एका ‘समजते’नं त्याची नोकरी गेली. चौकशी होईपर्यंत निलंबित, असं कागद म्हणतो. गावात त्याचा अर्थ एकच झाला: नदी चढत होती आणि हा पिऊन पडला होता.

माझ्याही मनात तेव्हा किडा वळवळला होता. पण मी स्वतःला समजावलं की देवाजीनं लिहिलंय म्हणजे पाहूनच लिहिलं असेल. तुझ्यावर माझा असा विश्वास होता. सिंदेवाहीच्या शाळेत गणित तुझं पाहून घ्यायचो तेव्हापासूनचा. त्याच विश्वासावर मी बाबांच्या मागे लागून कमळेचं तुझ्याशी जमवलं. बाबा म्हणत होते, "पोरगा हुशार हाये, पण वरवरचा वाटते." मी भांडलो होतो त्यांच्याशी.

कार्तिकात नवा कंडेन्सर आणि व्हॉल्व्ह बसवले. नळी पुन्हा जांभळी पेटली, मिटरचा काटा अडीचशेवर जाऊन थांबला. पेटी बरोबर बोलते का हे पाहायला मी शेजारी रेडिओ ठेवून नागपूर आकाशवाणी लावली आणि पेटीचा आवाज तिच्यावर आणला. शीळ वाजत वाजत बारीक झाली आणि डायल बरोबर नागपूरच्या आकड्यावर असताना गप्प झाली, म्हणजे दोन्ही आवाज एकाच जागी आले. पेटी खरी बोलत होती. मी तिथेच थांबायला हवं होतं, तू थांबला असतास. पण वहीतला तो एकशे सत्तरचा आकडा मला टोचत होता. मी मुद्दाम मध्ये रेझिस्टन्स घालून व्होल्टेज तेवढंच खाली आणलं. रेडिओ किंचाळायला लागला. शीळ गप्प करायला डायल कितीतरी सरकवावी लागली. मग सिरोंच्याच्या सेटला नेमून दिलेल्या जागेवर तसंच करून पाहिलं. तीनदा केलं. तिन्ही वेळा पेटी तेवढीच आणि त्याच बाजूला चुकली. लच्छूचा सेट कुठे लागला असेल ते आता मला आकड्यात माहीत होतं. तो दिवसभर ओरडत होता, पण आम्ही त्याला भलत्याच दाराशी उभं केलं होतं.

तुला मी तेव्हाच पत्र लिहिलं. तुझं उत्तर दोन ओळींचं आलं: जुनं उकरू नकोस, पेटी दुरुस्त झाली ना. ते उत्तर माझ्यापाशी आहे.

रस्ता मोकळा झाल्यावर, मार्गशीर्षात, मी रजा टाकून सिरोंच्याला गेलो. लच्छू सडकेवर गिट्टी फोडत होता. जाळं ओढायला त्याला कोणी सोबत घेत नाही. राजक्का त्याच्याच घरात राहते, भात रांधून झाकून ठेवते, पण माय गेल्यापासून त्याच्याशी एक शब्द बोललेली नव्हती. मला पाहून तो उभा राहिला, हात पुसले आणि ‘साहेब’ म्हणाला. तो मला कधी साहेब म्हणत नसे. मी म्हणालो, सेटपाशी चल. तो म्हणाला, "मले हात लावाले मनाई हाये जी." मी म्हणालो, आज माझ्या जबाबदारीवर लाव.

सेट पुरापासून कुलपात होता. तहसीलदारांसमोर कुलूप उघडलं. डायलचं लॉक आपण चांद्याहून कसून पाठवलं होतं तसंच होतं, त्याला मी हात लावला नाही. बाबुलालला निघतानाच सांगून ठेवलं होतं की बरोबर अकराला ठरलेली जागा सोड आणि मी लिहून दिलेल्या चुकीच्या आकड्यावर बस. दारात माणसं जमली. ढिवरांच्या बायका होत्या, त्यांच्या मागे राजक्का होती. लच्छूने माइक घेतला. त्याला काय बोलायचं ते मी सांगितलं नव्हतं. तो त्या दिवशीचंच बोलला: "चांदा, चांदा, सिरोंचा बोलून राह्यलो. पाणी वस्तीत घुसलं. बोट पाठवा. आयकू येते का?"

लगेच बाबुलालचा आवाज आला, सगळ्या खोलीला ऐकू जाईल असा: "सिरोंचा, साफ आयकू येते. बोला."

लच्छूने माइक खाली ठेवला. बाबुलाल तिकडून दोन-तीनदा विचारत राहिला. लच्छू माझ्याकडे वळून एवढंच म्हणाला, "मंजे मी बराबर बोलत होतो." मी हो म्हणालो. तेव्हा राजक्का पुढे आली. तेलुगू तिची बोली, मराठी तोडत बोलते. तिनं मला विचारलं, "आज आयकू आलं. त्या दिवशी काऊन नाई?" देवाजी, या प्रश्नासाठी मी शंभर कोसांवरून उत्तर तयार करून नेलं होतं. व्होल्टेज, कंडेन्सर, डायल. मी म्हणालो, "सेट चुकीचा लागला होता. मी न तपासता सही केली." तिनं विचारलं, "त्याची चूक नाई?" मी म्हणालो, "नाही. माझी आहे. आणि माझ्या वरच्या साहेबाची." ती आणखी एक पाऊल पुढे आली. मला वाटलं मारेल, मारलं असतं तर बरं वाटलं असतं. मग ती लच्छूला म्हणाली, "जेवाले चाल." चार महिन्यांतले पहिले शब्द. तो तिच्या मागोमाग गेला. माणसं पांगली. मी जेवलो का, हे मला कोणी विचारलं नाही, आणि का विचारावं?

या महिन्याच्या सत्तावीस तारखेला चौकशी आहे. माझं निवेदन लिहून तयार आहे. सोबत वहीचं पान, जुना कंडेन्सर आणि बाबुलालची साक्ष. पहिल्या ओळीत माझी खोटी सही आहे, दुसरीत तुझा हुकूम. माझी नोकरी जाईल, तुझीही जाईल बहुतेक. आठ दिवसांपूर्वी ते पाकिटात घालून मी पोस्टात निघालो होतो. तुला काही कळवायचं नाही असं ठरवलं होतं, कारण तू पाहून न पाहिल्यासारखं करतोस, आणि त्याचा मला वीट आला आहे. हे पत्र मी लिहिणारच नव्हतो. कमळेनं मला दारात अडवलं. मी तिला सगळं सांगितलं, बाळंतिणीला सांगू नये ते सगळं. ती रडली नाही. तुझी बाजूही घेतली नाही. म्हणाली, "भाऊ, तू खरंच लिव. फक्त मले थोडे दिवस दे. त्याईले तुझ्या हातानं आधी कळव, अन् मले वाचाले दे. ह्या पोराले मी उद्या सांगीन का तुझ्या बापानं खोटं लिवलं होतं. पन थ्याच्यापुढं हेबी सांगता आलं पायजे, का मंग त्यानंच खरं लिवलं." तेव्हा वीस तारखेपर्यंत मी थांबतो. तोवर तुझा कागद तुझ्या अक्षरात गेला तर माझा त्याच्या मागून जाईल. नाही गेला तर माझा एकटाच जाईल. कमळेला नागपूरला कधी आणून सोडू, ते त्यानंतर ती ठरवणार आहे, मी नाही.

अजून तरी तुझाच,
मनसाराम