पेडलवरचा पाय

ड्वाइट,

आपली सत्तर सालची लाल गाडी मी बिघडवली, असंच तू म्हणशील. म्हण. तू अ‍ॅरिझोनाला निघून गेलास तेव्हा ती चाकांविना विटांवर उभी होती आणि तिच्याकडे बघायला इथे मिशिगनमध्ये मीच उरले होते. इंजिन तेच अवाढव्य ठेवलं. ब्रेक नवे बसवले, आणि तुझा लाडका कार्ब्युरेटर काढून इंजिनात पेट्रोल सोडणारं, कॉम्प्युटरवर चालणारं इंजेक्शन घातलं.

शनिवारी पहिल्यांदा किल्ली फिरवली. इंजिन नुसतं घरघरत राहिलं, सुरू होईना. मला वाटलं, जिंकलास तू.

आमची मेकॅनिक लोरीन खिडकीतून वाकली. "मार्व्हा, पाय कुठाय तुझा?"

"पेडलवर. पार खालपर्यंत दाबलाय."

"कुणी सांगितलं?"

कुणी म्हणजे! लग्नाची सगळी वर्षं तूच शेजारी बसून ओरडायचास, "दाब, अजून दाब! तुला काही कळत नाही, तिला असंच लागतं!"

लोरीन हसायला लागली. "अगं, किल्ली फिरवताना पेडल पूर्ण दाबलं, की कॉम्प्युटरला वाटतं इंजिनात पेट्रोल जास्त झालंय. तो पेट्रोलच बंद करतो. पाय काढ बाई."

काढला. गाडी पहिल्या झटक्यात अशी गरजली, की समोरच्या डेलबर्टच्या हातातली कॉफी सांडली.

हे पत्र पाठवणार नाही. वाचून तू कार्ब्युरेटर तेवढा परत मागशील. काढता पाय तू केव्हाच घेतलास, ड्वाइट. माझाच शनिवारपर्यंत तिथे दाबलेला होता.

गाडी दारात चालू ठेवून,
मार्व्हा