सफरच्या चांदाला दिलेली जकात

प्रिय खाला,

आज मी जकात दिली, माझ्या कमाईतला गरजवंतांचा वाटा. आयुष्यात पहिल्यांदा! ही बातमी सगळ्यात आधी तुला सांगायची होती, म्हणून तू या जगात नसतानाही लिहायला बसले. घरात आपण दखनी बोलायचो, पण मराठी शाळेत शिकवून शिकवून हाताला हेच वळण लागलंय. चालवून घे.

गेल्या सफर महिन्यात माझं सोनं आणि शिल्लक मिळून जकात लागू होण्याएवढी झाली. चांदाचं वर्ष फिरून आलं तरी ती टिकली, आणि देणं फर्ज झालं. आपल्या घरातलं माणूस देणाऱ्यांत बसलं, खाला! सकाळपासून माझे पाय जमिनीवर नाहीत.

आमचे हे, तुझे जावई, म्हणाले, "एवढी घाई कशाला करून राह्यली? रमजानला दे. सगळं हसनाबाद तवाच देतं. सवाब, पुण्य बी जास्त."

रमजान अजून किती लांब! आणि तुझ्या लेकाच्या, सलीमच्या गिरणीची मोटर जळलेली. लोक दळणाचे डबे घेऊन दुसरीकडे जायला लागलेत. त्याच्या लेकरांनी तोवर चांद बघत बसायचं का?

मी मौलानांना विचारलं. ते म्हणाले, "वर्ष भरायच्या आधी दिली तर चालते. भरल्यावर अडवून ठेवायची न्हाई. अन् जकात हाय असं घेणाऱ्याला सांगायची गरज न्हाई, मनात नियत पाहिजे." वर हेही सांगितलं की तारीख चांदाचीच धरायची, ती दरसाल दहा-अकरा दिवस अलीकडे सरकत जाईल.

सरकत जाईल म्हटल्यावर मी जागीच थांबले. खाला, तुझं गाठोडं!

मी पाचवीत होते तेव्हा तू अंबडहून दिवाळीच्या सुट्टीत यायचीस. दहावीत गेले तोवर गणपतीत यायला लागलीस. कापड, धान्य, अम्मीच्या मुठीत कोंबलेल्या नोटा. अम्मी म्हणायची, "ईद कवाच झाली, आता कशाचं गं हे?" तू आपली कपड्यांच्या घड्या घालत बसायचीस. आम्ही हसायचो, खालाची ईद म्हणजे वरातीमागून घोडं.

ती तुझ्या सोन्याच्या पाटल्यांची जकात होती ना?

आणि मला नोकरी लागली त्या वर्षी गाठोडं बंद झालं. किती रुसले होते मी! खालाला आपलं बरं झालेलं बघवत नाही, असंसुद्धा अम्मीला बोलून गेले. घरात पगार आल्यावर आम्हाला जकात घेता येत नाही, हे तू एका शब्दानं सांगायचं होतंस. पण सांगितलं असतंस तर अम्मीनं आधीची सगळी वर्षं मान खाली घालून आठवली असती. तू माझा राग पत्करलास. फार मोठी होतीस तू, खाला.

दुपारी सलीमकडे जाऊन आले. पाकीट हातात घेऊन तो म्हणाला, "आपा, परत कवा देऊ?"

"परत द्यायचं नाही."

"मंग कशाचं हाय?"

"मोटर आण जल्दी," म्हटलं, "माझं दळण पडून आहे."

तो हसला. किती दिवसांनी हसला असेल!

तुला शब्द देते, त्याला कधीच कळू देणार नाही. माझी तारीख आली की रमजानची वाट बघणार नाही. आणि त्याची गिरणी नीट चालून हाताशी चार पैसे साठले, की माझं पाकीट बंद होईल. तेव्हा तो मला काय वाटेल ते बोलू दे, मी गप्प बसेन.

तुझीच,
शबाना