साडेसहाचं काडतूस

नोरोसेन, हेर्येदालेन
१४ जुलै १९७४

ती. हाल्वार भावजींना गुनवोरचा सा. न., लेकीला, मायलिसला आशीर्वाद.

पत्राला उशीर झाला. बटाट्यांना भर दिली, छपराला डांबर लावून घेतलं. उरलेला वेळ नुसतं घर ऐकण्यात जातो. तुमच्या भावाला जाऊन तीन महिने होत आले, तरी एव्हर्टचे बूट दाराशीच आहेत. हलवायला हात होत नाही.

बातमी अशी की शिकारीच्या टोळीतली त्याची जागा मी घेतेय. टोळीचा मुख्य सिक्स्टेन आधी हसला. मग म्हणाला की येतेस तर ये, पण मूस म्हणजे ससा नव्हे, घोड्याएवढं हरीण ते, काडतूस मोठंच हवं. म्हणून मी एव्हर्टचीच नऊ-तीनची, ९.३ मिलिमीटर गोळीची रायफल वापरणार. तुम्ही तिला जन्मभर तोफ म्हणून हिणवलंत. तुमच्या साडेसहा मिलिमीटरच्या काडतुसाला तो टाचणी म्हणायचा, तेही मी विसरले नाही. सराव चालू आहे. खांदा जांभळा पडलाय, पण खांदा काय, बरा होतो. तुमचं मत कळवा. ऐकेनच असं नाही, हे आधीच सांगते.

डोळ्यांत थेंब वेळच्या वेळी घाला. माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची
गुनवोर


सुंद्सवाल
२३ जुलै १९७४

चि. गुनवोर हिला आशीर्वाद.

अक्षर मायलिसचं आहे. शिव्या माझ्या होत्या, त्या पोरीने गाळल्या.

टोळीत जातेयस, बरं केलंस. खांद्याचं मला भय नाही. धक्का खांदा विसरतो, डोळा विसरत नाही. थोड्याच दिवसांत चाप दाबायच्या आधीच तुझे डोळे मिटायला लागतील आणि तुला कळणारही नाही. सिक्स्टेनला सांग, एकदा तुझ्या नकळत रिकामी रायफल हातात दे म्हणावं. चाप दाबताना नळी खाली गेली, तर समज, डोळे मिटतायत.

मूस मोठ्या गोळीने मरत नाही, फुप्फुसातून गेलेल्या गोळीने मरतो. साडेसहाची लांबट गोळी तेवढं काम चोख करते. तिची एकच अट: जनावर आडवं उभं राहीपर्यंत थांबायचं. समोरून, तिरकं, पळतं, नाही म्हणजे नाही. एव्हर्ट बैलाच्या खांद्याचा माणूस, त्याला तोफ शोभली. तू त्याच्या काखेखालून जातेस. माझी रायफल इथे खुंटीला आहे आणि मला आता तिच्या नळीचं टोकही दिसत नाही. मागितलीस तर पाठवतो.

रागावलीस तरी लिहीत राहा.

तुझा
हाल्वार


नोरोसेन
९ सप्टेंबर १९७४

ती. भावजींना सा. न.

तुम्ही म्हणालात तेच झालं. लिहायला हात उचलत नाही.

रायफल मी मागितली नाही. तुमच्या पत्राचा राग आला होता. वाटलं, माणूस गेला आणि आता हे त्याची वस्तूही काढून घेतायत. रिकाम्या रायफलीची परीक्षाही दिली नाही. निकाल मनात ठाऊक असणार.

मोसमाच्या पहिल्याच सकाळी दलदलीच्या कडेला मादी येऊन उभी राहिली, अगदी आडवी. चाप दाबलेला आठवतो. त्या क्षणी ती दिसलेली आठवत नाही. गोळीने मागचा पाय मोडला आणि ती तीन पायांवर झाडीत शिरली. सिक्स्टेनचा कुत्रा मागावर गेला, पण अंधार पडला, थांबावं लागलं. रात्रभर ती कुठेतरी होती. दुसऱ्या दिवशी ओढ्यात सापडली, जिवंत. सिक्स्टेनने संपवलं.

टोळीतला रागनार बोलला की बायकांच्या हौसेपायी मुक्या जनावराचे हाल. बोलेना का, खोटं कुठे आहे? मी जागा सोडतेय, सिक्स्टेनला अजून सांगितलेलं नाही. आधी तुम्हाला कळवावंसं वाटलं.

या वेळी आशीर्वादही मागत नाही.

गुनवोर


सुंद्सवाल
१६ सप्टेंबर १९७४

चि. गुनवोर हिला न मागता आशीर्वाद.

जागा सोडू नकोस. त्या मादीचं ओझं तुझ्यावर आहे, ते असू दे. हलकं करून सांगणार नाही. पण रागनारला म्हणावं, ही हौस बायकांची नव्हे, मोठ्या काडतुसाची, आणि ती त्याच्यात तुझ्याहून जास्त आहे.

गुनवोर, एव्हर्ट त्या लोखंडात नाही. बूट दाराशी राहू देत, हवे तितके दिवस. रायफल मात्र बदल. माजाचे दिवस आले, आता ऑक्टोबरपर्यंत शिकार बंदच. मायलिसचा नवरा माझी रायफल घेऊन येतोय. रोज चारच गोळ्या झाड, पण डोळे उघडे ठेवून. आणि ध्यानात ठेव, या गोळीने जनावर धाडकन पडत नाही. चालत जातं, मग बसतं. मागे धावू नकोस. त्याला बसू दे.

आमचा जीव तुझ्यात आहे, एवढं विसरू नकोस.

हाल्वार


नोरोसेन
१३ ऑक्टोबर १९७४

ती. भावजींना सा. न.

काल नर आला. बर्चच्या झाडांतून थेट माझ्या समोर, छाती पुढे करून. नऊ-तीन असती तर मी तेवढ्यावरच चाप दाबला असता. हातात तुमची टाचणी होती, म्हणून थांबले. तो माझ्याकडे बघत राहिला. हात भरून आले, नाकातून पाणी गळायला लागलं, तरी थांबले. मग तो वळून आडवा झाला आणि मी चाप दाबला.

या वेळी मी पाहिलं, भावजी. बरगडीवरचे केस उडालेले पाहिले. तो मात्र काही झालंच नाही असा चालत गेला. टेकाडावरून रागनारने ओरडून विचारलं की हा बार होता की डहाळी मोडली. मी बुंध्यावर बसून राहिले.

पुष्कळ वेळाने गेले तर नेच्यांत पडला होता. गेलेला होता, अंग अजून ऊन होतं. मानेवर हात ठेवून मी तिथेच बसले. एव्हर्ट लाकडांच्या खोपटात पडला तेव्हा मी स्वयंपाकघरात भांडी आपटत होते. मला काही ऐकू आलं नाही. माणूस एकटाच गेला. या जनावराजवळून मला उठवेना. सिक्स्टेन आला, टोपी काढून बाजूला बसला. रागनार मागून आला आणि म्हणाला की डहाळी बरीच जाड होती म्हणायची.

मांसात तुमचा वाटा काढून ठेवलाय. पोस्टाने धाडते.

आहे तसाच लोभ ठेवा.

तुमची
गुनवोर


सुंद्सवाल
१९ ऑक्टोबर १९७४

चि. गुनवोर हिला आशीर्वाद.

मायलिसने तुझं पत्र वाचून दाखवलं. खोपटाच्या ओळीशी आली आणि तिला पुढे वाचवेना. उरलेलं जावयाने वाचलं.

मांस पोस्टाने नको. नाताळाला घेऊन ये आणि बर्फ वितळेपर्यंत राहा. रायफल तुझ्याचकडे असू दे.

एव्हर्ट गेला तेव्हा मी इथे रेडिओ ऐकत बसलो होतो. तू निदान भिंतीपलीकडे होतीस. तो एकटा गेला असं पुन्हा लिहू नकोस. तुला त्याचं काही ऐकू आलं नसेल. तुझी भांडी त्याला ऐकू येत होती.

तुझा
हाल्वार