‘कोन’ लिहिलेला डबा

बाबा, तुझ्या गाडीचा कार्बोरेटर मी स्वतःच्या हाताने उघडला. चांगल्या माणसाकडे का नेला नाहीस, असं तू विचारशील. नेला होता. फुलपाड्याला आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये तुझी साडेतीनशे सीसीची मोटरसायकल ताडपत्रीखाली उभी असते आणि दर रविवारी मी ती पाच मिनिटं चालू करते. गेल्या महिन्यापासून तिच्याखाली पेट्रोलचा ओला डाग दिसायला लागला. सोसायटीच्या सेक्रेटरींनी दोनदा येऊन सांगितलं की ताई, एक तर दुरुस्त करा, नाहीतर भंगारात द्या. मग कार्बोरेटर सोडवून पिशवीत घातला आणि वालीवच्या एका गॅरेजमध्ये गेले. तिथला मेकॅनिक तसा सभ्य होता. म्हणाला, ठेवून जा, दोन दिवसांनी या. मी म्हटलं, मी इथेच बसते. त्याने स्टूल दिलं. मी विचारलं, काढलेले जुने भाग सगळे परत मिळतील ना? मग मोबाइल काढून एकेका भागाचा फोटो घ्यायला लागले. तेव्हा त्याने पाना खाली ठेवला. “काकी, एवढा शक असेल तर रिपेअर किट घ्या आणि घरीच बसा. मी काय तुमची किडनी काढतोय?” शेजारचे दोघे हसले. मलाही हसू आलं, पण पिशवी मी हातातून सोडली नाही. किट घेतलं आणि घरी आले. त्या किटवरही विश्वास बसेना. रबरी रिंग वाकवून पाहिली, वास घेतला, फ्लोटच्या सुईचं टोक भिंगाखाली धरलं. हा माझा मूळ स्वभाव नव्हता, बाबा. हा संशय तुझ्यामुळे जडला, आणि त्याचंच आज सांगायचं आहे.

खाडीकडच्या आपल्या घराच्या मागे पत्र्याची शेड, तेच तुझं गॅरेज. शनिवारी शाळा लवकर सुटायची. मी युनिफॉर्म बदलून तुझ्याजवळ येऊन बसते. तू कार्बोरेटर उघडून एकेक भाग माझ्यापुढच्या पांढऱ्या थाळीत टाकतोस आणि मी ते पेट्रोलमध्ये ब्रशने धुते. जेटच्या, त्या पितळी तोटीच्या, भोकात तार घालायची नाही, नुसती फुंकर मारायची, हे तू मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतंस. मी एकदा तार घातली तेव्हा तू ओरडला नाहीस, फक्त तो जेट उजेडाकडे धरून मला ओरखडा दाखवलास आणि दिवसभर माझ्याशी बोलला नाहीस. ज्याची गाडी, त्याच्या भागांची वेगळी वाटी. फळीवर पत्र्याचे डबे, त्यांवर तुझ्या वाकड्या अक्षरातल्या चिठ्ठ्या. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर मला वर्गापुढे उभं करून ‘पाणी, लोणी, कोणी’ म्हणायला लावायच्या, आणि घरी आले की मी तुला तेच म्हणायला लावायचे. तू म्हणायचास, “तुझी सिस्टर पाणी पिते, मी पानी पितो. तहान दोगांची भागते.” आणि मी रागावले की मुद्दाम आणखी दोनदा म्हणायचास.

माझ्याच वर्गातल्या एका मुलीचे वडील गिरीजहून तुझ्याकडे तसलीच साडेतीनशेची गाडी आणायचे. केळीची वाडी होती त्यांची, हिशेबी, नीटनेटका माणूस. एकदा त्यांचा कार्बोरेटर तू नवं किट घालून बांधून दिलास आणि तिसऱ्या दिवशी ते परत आले. हातात स्लाइड होती. गाडीची मूठ पिळली की कार्बोरेटरच्या पोटात वर-खाली होणारा तो अंगठ्याएवढा धातूचा पेला. त्यांनी आवाज चढवला नाही. गाडी सुरुवातीला अडखळते, म्हणून त्यांनी दुसरीकडे उघडून पाहिली होती. “माझ्या स्लाइडच्या आत मी पंचने दोन टिंबं मारून ठेवली होती. ही माझी नव्हे.” आधी कुणीतरी त्यांचे भाग बदलले होते, म्हणून ही खूण. तू म्हणालास, याहून वेगळी तुमची माझ्याकडे नाही. त्यांनी शेडवर एक नजर फिरवली आणि विचारलं, “भाग धुतं कोण?” मी दाराआड होते, माझ्या बोटांना पेट्रोलचा वास येत होता. तू म्हणालास, “मीच. दुसरा कोन?”

बाबा, तेव्हापासून. तू डोळ्याला डोळा भिडवून खोटं बोलू शकतोस हे मला त्या दुपारी कळलं. ज्याला एक खोटं इतक्या सहज जमतं त्याने दुसरंही केलं असेल, असं माझ्या मनाने घेतलं. गिरीजकडच्या गाड्या यायच्या बंद झाल्या. ती मुलगी शाळेत दुसऱ्या बाकावर जाऊन बसली. मी धुवायला येणं सोडलं, अभ्यास आहे म्हणाले. पण खिडकीतून बघत राहायचे, कुठल्या वाटीतला भाग तू कुठल्या गाडीत घालतोस ते. त्या वर्षी तू माझ्यासाठी नवी कंपासपेटी आणलीस. मी ती उघडून आधी आत कुणाचं नाव कोरलंय का ते पाहिलं. तू समोर उभा होतास, हसत. तुला वाटलं असेल, पोरगी हरखून बघतेय. तू शेवटी आजारी होतास तेव्हा रोज शेजारी बसायचे, पाय चेपायचे, तरी विचारलं नाही. विचारलं असतं आणि तू पुन्हा तसाच सहज बोलला असतास तर, याची भीती होती.

आता इथे, माझ्या जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरून मी तुझा कार्बोरेटर उघडला. जुनं पॅकिंग नखाने खरवडून काढलं, नवी सुई बसवली, जेटमध्ये फुंकर मारली. स्लाइड पुसून उलटी केली आणि आत, कडेला, दोन टिंबं दिसली. एकमेकांना खेटून, स्वच्छ. मला धक्का बसला नाही. लाज वाटते सांगायला, पण बरं वाटलं. इतकी वर्षं मी उगाच संशय घेत नव्हते. मग रडू आलं.

तुझे चार डबे माझ्याकडे आहेत. स्लाइडचा डबा काढला, ज्यावर तू ‘कोन’ लिहिलं होतंस. आणखीही काही असेल तुझ्या हातचं, तेही एकदा बघून टाकू, अशा रागाने तो टेबलावर उपडा केला. दोन जुन्या स्लाइड निघाल्या. पण बाकी सगळा कचरा होता: क्लिपा, स्प्रिंगा, एक तडकलेला फ्लोट, निरनिराळ्या मापांचे स्क्रू. त्यात कुठेच कोन नव्हता. हे काही कळेना. दार उघडं होतं, पेट्रोलचा वास जिन्यात गेला असणार. खालच्या मजल्यावरच्या आजी, आपल्याच खाडीकडच्या, हळूहळू चढून आल्या आणि दारातून हाक मारली, “कोन हाय गो घरान?”

मी डबा उचलला आणि चिठ्ठी पुन्हा पुन्हा मोठ्याने वाचली. त्या आत येऊन बघायला लागल्या की बाईला झालं काय.

कोन. म्हणजे कोण. कुणाचं आहे ते ठाऊक नसलेलं सगळं तू त्या डब्यात टाकत होतास. आणि मला तेव्हा भूमितीत नुकताच कोन शिकवला होता, लघुकोन, काटकोन. स्लाइडची खालची कड एका बाजूने तिरकी कापलेली असते. मी धुताना ती निरखली, फळीवरची चिठ्ठी वाचली आणि ठरवलं की कोन असलेला भाग इथे जायचा. गिरीजच्या वाटीतली स्लाइड मी उचलून त्या डब्यात नीट ठेवली. ठेवल्याचं आठवतं मला. शहाणपणा केला असं वाटलं होतं, तेही आठवतं. तुझ्या बोलण्यातला एकेक ‘न’ मी पकडायचे, आणि लिहिलेला हा एक मला दिसला नाही. दुसऱ्या दिवशी तुला वाटीत स्लाइड सापडली नसेल. डब्यातून तशीच दिसणारी एक, त्यांचीच असेल म्हणून, काढून तू बसवलीस. पुढे कधीतरी तुझी स्वतःची झिजली तेव्हा त्याच डब्यातून आणखी एक घेतलीस, आणि ती नेमकी त्यांची निघाली.

ही गोष्ट इथे संपली असती तर मला हलकं वाटलं असतं. पण तूच मला भाग उजेडाकडे धरायला शिकवलंस. ते गृहस्थ निघून गेल्यावर तू डबा पाहिला नसशील, हे मला पटत नाही. पाहिला असशील तर टिंबंही दिसली असतील. मग परत का केली नाहीस? परत करायची म्हणजे ती डब्यात कशी गेली ते सांगावं लागलं असतं, म्हणून? की ज्याने तुला चोर ठरवलं त्याच्या दारात जायचं नाही, एवढाच तुझा ताठा? की खरंच पाहिला नाहीस? ‘मीच’ म्हणालास तेव्हा तुला कळलं होतं का की हात माझा आहे? की लेकीला काळ्या हातांच्या कामाला लावतो हे वाडीवाल्यासमोर कबूल करायची लाज वाटली? तिन्ही चारी गोष्टी मी सारख्या उलटून पाहते. प्रत्येक खरी वाटते.

परवा गिरीजला गेले. ती शाळेतली मैत्रीण अजून तिथेच राहते, गुडघ्यांनी बेजार, तोंडाने तशीच तिखट. तिचे वडीलही गेले. मी स्लाइड तिच्यापुढे ठेवली आणि सगळं सांगितलं. तिने स्लाइड उलटी करून टिंबांवर बोट फिरवलं. मग म्हणाली, “म्हणजे चोर तू. आणि बाक मी बदलला तुझ्या बाबांमुळे.” मी मान हलवली. स्लाइड तिने माझ्याकडे सरकवली, तुझी गाडी चालायला नको का म्हणाली, आणि चहा टाकायला उठता उठता विचारलं, “त्यांना माहीत होतं? तू केलंस ते?”

मी म्हटलं, “हो. माझ्यासाठी त्यांनी स्वतःवर घेतलं.”

न अडखळता म्हटलं. तिचे डोळे भरले. मला ते माहीत नाही, बाबा, आणि आता कळणारही नाही. हे पत्र कुठे धाडायचं नाही म्हणून एवढं लिहिते: तिला सांगितलं त्यावर तिचा पूर्ण विश्वास बसला, माझा अजून बसलेला नाही.