केसपेपरच्या कोपऱ्यात

आई, तुझ्या खिडकीत आता बॉट बसवलाय, आणि तो मीच बसवलाय. घाबरू नकोस, कारकून कॉम्प्युटरवर जे करतो तेच न कंटाळता करत राहणारा एक प्रोग्राम आहे तो. कर्जतच्या ज्या दवाखान्यात तू जन्मभर केसपेपर काढलेस, तिथलंच हे काम माझ्याकडे आलं तेव्हा मी हरखून गेले होते. कॉलेजच्या सुट्टीत एकदा तुझ्या जागी बसून मी कळंबच्या एका बाईचा पेपर भराभर लिहिला, आठवतं? तू तो सगळ्यांदेखत फाडलास. "नुसत्या नावानं मानूस कळतो काय गं? आदी घर इचार!" मग नव्या पेपरच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहिलंस, 'तळ्याकडची'. मला भयंकर राग आला होता. त्या पेन्सिलीचा, आणि खरं सांगायचं तर तुझ्या बोलण्याचाही.

जुने पेपर कॉम्प्युटरवर चढवताना तो कोपरा मीच गाळायला सांगितला. म्हटलं, असल्या खरडीला रकाना नाही. तुझ्या शेजारी बसणारे काका अजून तिथेच आहेत. ते काही सांगायला दोनदा आले, पण मला वाटलं, नोकरी जाईल या भीतीनं खोडा घालताहेत. मी ऐकलंच नाही. पहिल्याच आठवड्यात बॉटनं बाळंतपणाला आलेल्या एका बाईच्या नावावर दुसरीचाच रक्तगट चढवला. दोघींचं नाव, गाव, वय, सगळं तेच. रक्त मागवायच्या आधी काकांनी कागद अडवला. "ताई, ती ही नाय. ही तळ्याकडची हाय."

त्याच दिवशी मी बॉट बंद केला. दवाखान्याचे साहेब म्हणाले, उद्घाटन होऊन चार दिवस नाही झाले, लोक हसतील. हसू देत, म्हटलं. मग काका आणि मी तीन आठवडे जुन्या पेपरांचे गठ्ठे उघडून तुझं पेन्सिलीतलं अक्षर वाचत बसलो. आता घराचा रकाना भरल्याशिवाय बॉट पुढे सरकत नाही, आणि खिडकीतली नवी मुलगी आल्यागेल्याला तुझाच प्रश्न विचारते. फार अभिमान वाटतो गं तुझा.

बॉट पुन्हा सुरू झाला त्या दिवशी साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, घराचा रकाना ही कल्पना कोणाची? काका माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, "माझी."