जांभळे कण

३ मार्च
सापडले! ओढ्याच्या वळणावरच्या वाळूत गार्नेट या खनिजाचे जांभळट कण. हिरा शोधताना थेट हिरा कुणी शोधत नाही. त्याच्यासोबत जमिनीच्या खोलातून वर आलेले हे सोबती शोधायचे. कणांचे काठ झिजले असतील तर ते लांबून वाहत आलेत. शाबूत असतील तर हिऱ्याचा खडक जवळच. माझ्या कणांचे काठ अगदी शाबूत!

दादाला दाखवले. सख्खा भाऊ, आणि आमच्या तुकडीचा प्रमुखही. "मने, जिंकलीस!" म्हणाला. तीन उन्हाळे वाळू चाळून कंबरेचे तुकडे पडलेत. आज दुखली नाही.

९ मार्च
अहवाल गेला. नाव एकच — दादाचं! मी शेवटच्या पानावर, 'सहकाऱ्यांचे आभार' मध्ये. विचारलं तर म्हणे, "वरच्यांना एकच नाव लागतं गं."

आईला फोन केला. "भावाबहिणीत कसलं आलंय तुझं-माझं?" लहानपणी सायकल आली तेव्हाही हेच म्हणाली होती. ती कोणी चालवली, ते मला विचारा.

१० मार्च
जेवले नाही. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

१७ मार्च
बारीक चाळणी ब्रशने झाडत होते. जाळी आणि कड्याच्या फटीत जांभळे कण! माझ्याआधी दादाने हीच चाळणी हिऱ्याच्या जुन्या खाणीवर नेली होती, पाहुण्यांना चाळून दाखवायला. नव्या ओढ्यावर जाताना चाळणी आधी धुवायची, हा आमचा पहिला धडा. "धुऊन ठेवलीय," म्हणाला होता. मी मानलं. भाऊ ना!

१८ मार्च
कोरी चाळणी घेऊन त्याच वळणावर दिवसभर चाळलं. एक कण नाही. काठ शाबूत असणारच — ते ओढ्यातून आलेच नव्हते!

दादाला सगळं सांगितलं. अहवालावरून ठरलेलं ड्रिलिंग थांबव म्हटलं. तो हसला. "नाव नाही म्हणून पोटात दुखतंय तुझ्या." एवढा राग मला आयुष्यात आला नव्हता.

२ एप्रिल
ड्रिलचं पहिलं भोक — साधा दगड. दुसरं — तेच. तिसरं — तेच. दादा फोन उचलत नाही. मला बरं वाटायला हवं होतं. रडू आलं.

११ एप्रिल
आईचा फोन. आवाजात आनंद मावत नव्हता. "दादानं नव्या अहवालात स्पष्ट लिहिलंय गं, ते कण तूच शोधलेस म्हणून! स्वतःचं नाव काढून टाकलं त्यानं. मी म्हणत नव्हते?"